जर्मनीत हटके पास्ता शोधायचा तर

पेने, स्पगेटी, फुसिली कुठेही ढिगाने मिळतात, त्यासाठी वणवण नको. पण ओरेक्किएत्ते (छोट्या कानांच्या आकाराचा), बुकातिनी (जाड, पोकळ स्पगेटीसारखा) किंवा सार्डिनियाचा तो भाजलेल्या दाण्यांचा फ्रेगोला हवा असेल तर आधी रेवे नाहीतर एडेकाच्या मोठ्या सुपरमार्केटमध्ये बघा, आणि समोर दिसला नाही तर सगळ्यात वरच्या फळीवरही नजर टाका. लिडल या स्वस्त सुपरमार्केटमध्ये अधूनमधून इटालियन आठवडा लागतो तेव्हा त्यांच्या इटालियामो ब्रँडची पाकिटं येतात, आवडलं तर दोन जास्तीची उचला कारण संपली की संपली.

ओर्झो, म्हणजे तांदळाच्या दाण्यासारखा बारीक पास्ता हवाय? सरळ तुर्की दुकान गाठा! तिथे तो आर्पा शेहरिये नावाने शेवयांच्या शेजारी असतो, ग्रीक दुकानात क्रिथाराकी म्हणून.

पाकिटावर 'त्राफिलाता अल ब्रोन्झो' दिसलं तर डोळे झाकून विकत घ्या, म्हणजे ब्राँझच्या साच्यातून काढलेला, हात लावला तर खरखरीत, दिसायला पिठूळ, आणि सॉस मस्त धरून ठेवतो. चकचकीत गुळगुळीत पास्त्यावरून सॉस घरंगळून ताटात जमा होतो, मग काय उपयोग.

अंडं खात नसाल तर मागची बाजू वाचाच. नुसतं 'हार्टवाइत्सनग्रीस' म्हणजे गव्हाचा रवा, चालेल. 'आय' किंवा 'आयर' दिसलं की परत ठेवा, फ्रिजमधल्या ताज्या पास्त्यात तर बहुतेकदा असतंच.

एवढं करूनही नाही मिळालं तर शहरातल्या छोट्या इटालियन दुकानदाराला फोटो दाखवा, पुढच्या ऑर्डरमध्ये मागवाल का विचारा. फक्त रविवारी जाऊ नका, बहुतेक सगळं बंद असतं.