शाळेतल्या जेवणासाठी ग्रँट मागताय? आधी हे बघा

ग्रँटचा फॉर्म दिसला की लगेच भरायला बसू नका, आधी पैसे कशासाठी मिळतात ते नीट वाचा, कारण बऱ्याच ग्रँट फक्त एकदाच्या खर्चाला असतात म्हणजे फ्रीज, भांडी, शेगडी वगैरे, रोजचा किराणा नि स्वयंपाक करणाऱ्यांचा पगार त्यात बसतच नाही. शंका असेल तर सरळ फोन करून विचारा.

मग बजेट, इथेच खरा वेळ द्या. एका ताटाचा खर्च काढा, त्यात गॅस, पाणी, वाहतूक, साफसफाई, वाया जाणारं सगळं धरा आणि मग गुणिले मुलं गुणिले जेवणाचे दिवस. पटावरची संख्या घेऊ नका हं, हजेरीची घ्या, नाहीतर आकडा फुगतो आणि शेवटी हिशोब देताना जीव मेटाकुटीला येतो. फ्रीज मागत असाल तर कारण लिहा, शिजलेलं अन्न 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मध्ये राहिलं की जंतू भराभर वाढतात. असं नेमकं लिहिलं की वाचणाऱ्याला पटतं. अ‍ॅलर्जीवाल्या मुलांचं काय करणार तेही टाका.

मोठी मुलं असतील तर मेन्यू त्यांना विचारूनच ठरवा. आणि प्लीज, फुकट जेवणाऱ्यांची वेगळी रांग नको, या वयात मुलं लाजेपोटी उपाशी राहतात पण त्या रांगेत येत नाहीत. सगळ्यांना एकच रांग, हे अर्जात ठळक लिहा.

पैसे आले की पहिल्या दिवसापासून बिलं जपा, रोज किती ताटं वाढली ते वहीत लिहा. रिपोर्टची तारीख चुकली तर पुढच्या वेळी तेच लोक दारात उभं करत नाहीत.