मृग निघायच्या आत चुलीच्या मापाचं जळतण

कुऱ्हाड आहे तिथंच राहू द्या. आधी एक सरळ तुराटी, म्हणजे तुरीची वाळलेली काडी, घ्या आणि चुलीपुढे बसा. तुराटी तोंडातून आत सारायची, मागच्या भिंतीला टेकली की तोंडापाशी बोटानं धरायची आणि त्याच्या पुढे वीतभर सोडून मोडायची. ही झाली यंदाच्या जळतणाची लांबी. आतला भाग जळतो आणि बाहेरची वीत हातात धरून लाकूड पुढे सारता येतं. ‘यंदाच्या’ म्हणायचं कारण असं की मातीची चूल दरसाल बदलते. सारवून, पोतारा देऊन तिचं तोंड आत येत जातं आणि कधी मागची भिंत खचली म्हणून नवा थर बसतो. मागच्या वर्षीचं माप यंदा चालेलच असं नाही.

लांबीनंतर जाडी. चुलीच्या तोंडात तीन लाकडं शेजारी-शेजारी बसावीत आणि दोघांमध्ये बोट जाईल एवढी फट राहावी. तोंड वीतभर असेल तर एकेक लाकूड मनगटाएवढं झालं. ती फट म्हणजे चुलीचं नाक. जाड ओंडका कोंबून ती बुजवली की आत वारा जात नाही, लाकूड जळण्याऐवजी धुमसतं, भांड्याचं बूड काळं होतं आणि करणारीचे डोळे लाल होतात.

मग सगळंच बारीक फोडून ठेवलं तर? मी एकदा तसं केलं होतं. उत्साहाच्या भरात अख्खी रास अंगठ्याएवढी करून टाकली. दोन दिवसांनी आजी म्हणाली, “लेकरा, माझे दोन्ही हात पिठात असतेत. चुलीत सारायला तिसरा हात कुठून आणू?” तोवर हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. ज्वारीची भाकरी थापणारी बाई एक भाकरी तव्यावर टाकते, तिला पाणी लावते, दुसरीचा उंडा मळते. तेवढ्या वेळात जाळ एकसारखा राहिला पाहिजे. अंगठ्याएवढी काडी तिसऱ्या भाकरीलाच संपते. मनगटाएवढं फोडलेलं बाभळीचं लाकूड चार-पाच भाकऱ्या काढतं, शिवाय त्याचा निखारा पुढे ओढून त्यावर भाकरी उभी करून फुगवता येते. तेव्हा जळतणाचं माप तोडणाऱ्यानं ठरवू नये, भाकरी करणारीला विचारावं.

म्हणून एकाच मापाची रास न घालता तीन ढीग करा. सगळ्यात मोठा मनगटाच्या मापाचा. दुसरा, त्याच्या पाव हिश्शाएवढा, करंगळी-अंगठ्याच्या जाडीच्या काड्यांचा, सकाळी चूल पेटवायला. यासाठी वेगळी मेहनत नको, तुराट्या आणि फोडताना उडालेल्या ढलप्या पुरतात. तिसरा ढीग दंडाएवढ्या जाड खांडांचा, पण थोडाच. डाळ शिजत घालताना किंवा रविवारी मटणाचं भांडं चढवल्यावर एक खांड मागे सारून दिलं की ते मंद जळत राहतं आणि वैलावरचं, म्हणजे चुलीला जोडून असलेल्या दुसऱ्या तोंडावरचं, दूधही तापतं.

घरात तांब्याचा बंब असेल तर त्याचं माप वेगळंच. त्यात जळण वरून नळीत टाकायचं असतं, त्यामुळे लांबी वीतभर आणि जाडी दोन बोटं, त्याहून जास्त नको. लांब तुकडा नळीत आडवा अडकला की खालचा जाळ विझतो आणि तापल्या नळीत चिमटा घालून तो काढणं हा एक वेगळाच उद्योग होतो. बंबासाठी मी तर चांगलं लाकूड फोडतच नाही. मक्याची बुरकुंडं, करवंट्या आणि सुताराकडच्या ढलप्या यांनी काम भागतं. फक्त पाणी भरल्याशिवाय बंब पेटवू नका. कोरडा तापला की डाग सुटतो आणि मग कितीही पाणी ओता, खालून गळतं.

आता किती लागेल ते. एक दिवस सकाळ-संध्याकाळचं जळतण ताणकाट्यावर तोलून बघा आणि पावसाळ्याच्या १२० दिवसांनी गुणा. रोजचे ५ किलो भरले तर ६ क्विंटल. हे वजन वाळलेल्या लाकडाचं आहे. ओलं विकत घेणार असाल तर हिशेब बदलतो, कारण ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचं असू शकतं. ते पाणी चुलीतच आटवायचं म्हटलं तर भारी पडतं. गार पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या पाचपटीहून जास्त त्याची वाफ करायला लागते. ओल्या लाकडाचा जाळ आधी स्वतःचंच पाणी उडवण्यात खर्च होतो.

किनवट-माहूरकडचा पट्टा सोडला तर मराठवाड्यात जंगल नावालाच आहे, तेव्हा जळतण येतं ते बांधावरून आणि ओढ्याकाठून. बाभूळ पहिल्या पसंतीची. जड, जाळ एकसारखा, निखारा टिकाऊ. येडी बाभूळ जळायला तितकीच दमदार, फुकट मिळते आणि कितीही तोडली तरी पुन्हा फुटते, पण तिचा काटा चपलेतून आरपार जातो. जाड तळाचा जोडा घालूनच हात लावा आणि काटे साळून झाल्याशिवाय तिला अंगणात आणू नका. लिंब, म्हणजे कडुलिंब, लवकर पेटतो, लवकर संपतो. कण्हेरीचं लाकूड चुकूनही चुलीत घालू नये, तिचा धूरही विषारी असतो. आणि बांधावरचं झाड आपलं म्हणून कोणतंही पाडता येत नाही. आंबा, चिंच, जांभूळ, खैर, सागवान यांना १९६४च्या वृक्षतोडीच्या कायद्यानं परवानगी लागते.

फोडायची वेळ होळीच्या आगेमागे. बाभूळ ओली असताना फुटते. वाळली की तिचा गाभा लोखंडासारखा होतो आणि कुऱ्हाड टणकन उलटी येते. एका वर्षी आम्ही ट्रॉलीभर ओंडके आणून तसेच ठेवले, “वाळू द्या, मग फोडू” म्हणून. वैशाखात दोन गडी दिवसभर घाम गाळून चौथा हिस्साच फोडू शकले. उरलेले ओंडके साल चिकटलेले, आतून ओलसर, तसेच पावसात गेले. सालीतून लाकूड फार हळू वाळतं, पाणी निघतं ते कापलेल्या टोकांतून आणि फोडलेल्या अंगातून. तोडलं की लगेच मापानं कापा, लगेच फोडा. मग चैत्र-वैशाखाचं आपल्याकडचं ऊन पुढचं काम फुकटात करून देतं.

हत्यारांत फार काही नाही. कुऱ्हाड जाड पात्याची हवी, पातळ पातं लाकडात रुतून बसतं. नेढ्यात, म्हणजे कुऱ्हाडीच्या भोकात, दांडा हलत असेल तर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवण्याची युक्ती सगळे करतात, पण उन्हात तो वाळला की दुपारी पुन्हा हलतो. कोरड्या लाकडाची पाचर ठोकून घ्या. गाठीच्या ओंडक्यांसाठी एक लोखंडी पाचर आणि घण. खाली बुटका, रुंद ठोकळा. मातीवर फोडलं तर धार जाते, दगडी फरशीवर फोडलं तर धार आणि फरशी दोन्ही. घाव टोकाला दिसणाऱ्या चिरेवर घालायचा, गाठ टाळायची, पाय फाकवून उभं राहायचं आणि लेकरं दहा पावलं लांब. गाठाळ ओंडका दहा घावांत फुटला नाही तर सोडून द्या, तो लग्नकार्याच्या चुलाण्याला जाईल.

रचताना खाली विटा नाहीतर दगड ठेवून वर आडवी लाकडं टाका, म्हणजे ओल चढत नाही. फोडलेलं अंग उन्हाकडे, आणि घराच्या भिंतीपासून हातभर लांब. पत्रा वरून टाका, बाजू उघड्या ठेवा. चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळली की आत वाफ धरते आणि बुरशी येते. वाळलं का ते कानानं ओळखता येतं. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की वाळलेले टण्ण वाजतात, ओले थप्प. टोकांना चिरा पडलेल्या असतात आणि साल नखानं निघते.

पऱ्हाट्यांचं, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचं, मात्र वेगळं. जाळायला चांगल्या, भुरभुर पेटतात, पण त्यांची गंजी बांधावर पुढच्या पेरणीपर्यंत ठेवू नका. राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून असते आणि नव्या कपाशीवर येते. लागतील तेवढ्या घरी आणा, बोंडं झाडून टाका आणि मृगाआधी संपवा.

राशीत हात घालण्याआधी काठीनं वाजवा. विंचू सालीखाली बसतो, मण्यार आणि घोणस खालच्या थरात. रात्री जळतण आणायला जाऊच नये, संध्याकाळीच दोन दिवसांचं आत आणून ठेवावं. जायचीच वेळ आली तर बॅटरी घेऊन. साप चावलाच तर दोरीनं आवळणं, चिरा देणं नको, सरळ सरकारी दवाखाना.

मृगाच्या आठवडाभर आधी एक भारा ढाळजेत, म्हणजे दारातल्या छपराखालच्या ओसरीत, आणून टाका. त्यात आठ दिवसांचं मनगटाचं लाकूड, काड्यांची एक पेंढी आणि पाटीभर गवऱ्या. पहिला पाऊस वळवाचा असो की मृगाचा, आपल्याकडे तो पत्रा उडवूनच येतो.

आणि ती मोडलेली तुराटी फेकू नका. फोडायला येणाऱ्या गड्याच्या हातात तीच द्यायची, तोंडी माप सांगत बसायचं नाही. आमच्याकडे ती चुलीवरच्या खुंटीला टांगलेली असते. आषाढात एखाद्या ओल्या सकाळी चूल पेटत नाही म्हणून कुणीतरी तीच मोडून आत घालतं.