गाडीचा मूळ स्टिरिओ सुधारायचा तर आधी दार उघडा

कंपनीतून गाडीसोबत आलेल्या स्टिरिओचा आवाज पोकळ किंवा किरकिरा वाटू लागला की बहुतेक जण ॲक्सेसरीच्या दुकानात जातात आणि नवे हेड युनिट (डॅशबोर्डमधला बटणांचा मुख्य स्टिरिओ), ॲम्प्लिफायर व डिकीची निम्मी जागा खाणारा सबवूफर (फक्त खोल बेससाठीचा मोठा स्पीकर) यांचा हिशेब ऐकून हात हलवत परत येतात. माझ्या जुन्या हॅचबॅकच्या बाबतीत मीही तसाच परत आलो होतो. पुढे सवडीने दाराचे आतले पॅनेल उघडून पाहिले तेव्हा लक्षात आले की दोष स्टिरिओत फारसा नव्हताच. ज्या दारात स्पीकर बसवला होता ते दारच त्याचे काम बिघडवत होते. घरच्या स्पीकरला लाकडाची जाड, बंदिस्त पेटी असते. गाडीतल्या स्पीकरला मात्र पातळ पत्र्याचे, भोकांनी भरलेले दार हीच पेटी म्हणून मिळते. पुढची दोन दारे नीट करायला सुट्टीचे दोन दिवस आणि दोन-तीन हजार रुपयांचे सामान पुरते. पुढे स्पीकर बदलायचे असले तरी हे काम आधी झालेले बरे, कारण भोकाच्या दारात महागडा स्पीकरही पोकळच वाजतो.

तरीही स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी एक संध्याकाळ फुकटच्या दुरुस्त्यांना द्यावी. हेड युनिटमधील बेस आणि ट्रेबल शून्यावर आणावेत, ‘लाउडनेस’ आणि ‘रॉक’, ‘पॉप’ अशा तयार मांडण्या बंद कराव्यात, फोनमधला इक्वलायझरही बंद करावा. फोन ब्लूटूथने जोडत असाल तर फोनचा आवाज पूर्ण ठेवून कमी-जास्त करण्याचे काम फक्त गाडीच्या बटणाकडे सोपवावे. तुलनेसाठी ओळखीचे एखादे तबल्याचे ध्वनिमुद्रण ३२० केबीपीएसच्या एमपी३ स्वरूपात पेन ड्राइव्हवर घ्यावे. रेडिओवर परीक्षा घेऊ नये, कारण एफएम प्रक्षेपणात सुमारे १५,००० हर्ट्झच्या वरचे काही येतच नाही. मागचे स्पीकर पुढच्यांपेक्षा लहान असतील तर फेडर, म्हणजे पुढच्या-मागच्या स्पीकरांत आवाज वाटणारी मांडणी, दोन-तीन घरे पुढे सरकवावा. एवढ्यानेही किरकिर बरीच कमी होते, कारण पुष्कळदा ती वाढवून ठेवलेल्या बेसमुळेच आलेली असते.

आता दाराकडे वळू. स्पीकरचा शंकू पुढे सरकतो तेव्हा त्याच्या पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. ८० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सव्वाचार मीटरहून अधिक असते, त्यामुळे स्पीकरपासून वीतभर अंतरावर दाराच्या आतल्या पत्र्याला मोठे भोक असेल तर मागची विरळ हवा आणि पुढची दाबलेली हवा तिथेच एकमेकांना खोडून टाकतात. उंच पट्टीच्या स्वरांना याची तितकी बाधा होत नाही. म्हणून गायकाचा आवाज ऐकू येतो, तबल्याची चाटही ऐकू येते, पण डगा हरवतो. पेटीच्या भात्याला चीर गेली की कितीही जोराने भाता मारला तरी सूर भरत नाही, तशातलाच हा प्रकार आहे. दुसरा दोष पत्र्याचा. बाहेरून दाराच्या मध्यावर बोटाच्या पेराने ठोठावून पाहावे: रिकाम्या डब्यासारखा टण्ण आवाज येतो आणि क्षणभर रेंगाळतो. स्पीकर वाजू लागला की हाच पत्रा आपला स्वतःचा सूर त्यात मिसळत असतो.

पॅनेल काढताना घाई केली की क्लिपा मोडतात. जुन्या गाडीत त्या उन्हाने ठिसूळ झालेल्या असतात, म्हणून आपल्या मॉडेलच्या डझनभर क्लिपा आधीच आणून ठेवाव्यात. पुण्यात नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत अशा बारीकसारीक वस्तू मिळतात. काच पूर्ण वर करावी, किल्ली काढावी आणि बॅटरीची ऋण तार सोडवून काही मिनिटे थांबावे. काही गाड्यांत बॅटरी पुन्हा जोडल्यावर स्टिरिओ कोड विचारतो. तो मालकाच्या पुस्तिकेसोबत आलेल्या कार्डावर आहे ना, हे आधीच पाहून घ्यावे. स्क्रू बहुधा आतल्या हँडलच्या वाटीत, हात टेकायच्या खाचेत आणि एखाद्या छोट्या टोपणाखाली दडलेले असतात. ते निघाले की प्लॅस्टिकची चपटी पट्टी खालच्या कडेत घालून एकेक क्लिप सुटी करावी आणि शेवटी पॅनेल वर उचलून काचेच्या खाचेतून सोडवावे. ते हिसकू नये, कारण मागे काचेच्या बटणाची वायर आणि हँडलची केबल अडकलेली असते. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढून ठेवावा. हातमोजेही घालावेत, कारण दाराच्या आतल्या पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात.

पॅनेलमागे एक पॉलिथिनचा कागद काळ्या चिकट दोरीने चिकटवलेला दिसेल. ही दोरी उन्हाळ्यात काकवीसारखी तार धरते आणि कपड्याला लागली की निघत नाही. कागद हलक्या हाताने सोडवून जपून ठेवावा. काचेच्या रबरामधून दारात उतरणारे पावसाचे पाणी पॅनेलपर्यंत पोहोचू न देणे हे त्याचे काम असते. आवाजाच्या दृष्टीने मात्र तो कुचकामी, कारण हवेच्या दाबाने तो फडफडतो.

सर्वप्रथम बाहेरच्या पत्र्याची आतली बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी करावी आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचा थर असलेली ब्युटाइल रबराची २ मिलिमीटर जाडीची डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याचे कंपन शोषणारी चिकट शीट, लावावी. डांबराची शीट स्वस्त पडते, परंतु बंद गाडी विदर्भाच्या मे महिन्यात उभी राहिली की ती नरम पडून ओघळते आणि वास मारते, त्यामुळे हे शंभर-दोनशे रुपये वाचवू नयेत. संपूर्ण पत्रा झाकण्याचीही गरज नसते; कंपन मध्यभागी सर्वाधिक असते, म्हणून तिथे आणि स्पीकरच्या थेट मागे मिळून पत्र्याचा तीस-चाळीस टक्के भाग झाकला तरी फरक कळतो. शीटचे हातात मावतील असे तुकडे करावेत आणि लहान रोलरने, वरची नक्षी सपाट होईपर्यंत दाबावेत. नुसत्या तळव्याने दाबलेली शीट नंतर सुटते. झाल्यावर पुन्हा ठोठावून पाहावे. पिठाने भरलेल्या डब्यासारखा बद्द आवाज आला की बाहेरची बाजू झाली. काच खाली-वर करून ती कुठे घासत नाही याचीही खात्री याच वेळी करून घ्यावी, त्यासाठी बॅटरी तात्पुरती जोडावी लागेल.

खरा फायदा आतल्या पत्र्याची भोके बुजवण्यात आहे. लहान भोकांवर शीटचा तुकडा पुरतो. मोठ्या भोकांवर १ मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे झाकण कापून, त्याच्या कडेला ब्युटाइलची पट्टी देऊन ते स्क्रूने बसवावे. मोठे भोक केवळ शीट ताणून बंद केले तर उद्या काचेची मोटर बिघडल्यावर कारागीर ती ओरबाडून काढतो आणि वर आपल्यालाच बोल लावतो. लॉकच्या सळ्या आणि केबल मोकळ्या हलल्या पाहिजेत. काही गाड्यांच्या दारात बाजूच्या एअरबॅगसाठी दाब मोजणारा सेन्सर असतो, आणि दाराच्या आतल्या हवेचा दाब बदलला की त्याचा अंदाज चुकू शकतो. आपल्या गाडीत असा सेन्सर असेल तर भोके बुजवण्याच्या भानगडीत पडू नये. बाहेरच्या पत्र्याची शीट आणि पुढे सांगितलेल्या फोमवर समाधान मानावे.

तो फोम अगदी थोडक्या पैशांचा, पण त्याचा परिणाम मोठा. स्पीकरच्या पुढच्या कडेभोवती पाणी न शोषणाऱ्या फोमची गोल पट्टी अशा जाडीची चिकटवावी की पॅनेल बसल्यावर ती जाळीच्या मागच्या बाजूला टेकेल. ही पट्टी नसली की निम्मा आवाज पॅनेल आणि पत्रा यांच्या फटीतच घुमत राहतो. साधा स्पंज वापरू नये. तो पाणी धरून ठेवतो आणि पत्रा गंजतो. उरलेल्या फोमच्या चिंध्या मोकळ्या लोंबणाऱ्या वायरींना आणि लॉकच्या सळ्यांच्या आधारांना गुंडाळाव्यात. त्यानंतर फोनवरील टोन जनरेटरने ४० ते २०० हर्ट्झपर्यंतचे स्वर सावकाश वाजवत नेले आणि जिथे खडखड होते तिथे हाताने दाबत गेले की दोषी भाग सापडतो. माझ्या गाडीत तो दारात नव्हताच; मागची नंबर प्लेट खडखडत होती.

एवढे झाल्यावर महिनाभर ऐकावे. तरीही समाधान झाले नाही तर स्पीकर बदलावेत, पण निवडताना खोक्यावरचे वॉट पाहू नयेत. हेड युनिटवर ‘५० वॉट × ४’ असे छापलेले असले तरी इंजिन चालू असताना मिळणाऱ्या १४.४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला न विद्रूप होता मिळू शकणारी शक्ती सैद्धांतिकदृष्ट्याही २६ वॉटच्या पुढे जात नाही, आणि प्रत्यक्षात ती १५ ते २० वॉटच असते. म्हणून पाहायची ती संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक शक्तीवर स्पीकर किती मोठा वाजतो हे डेसिबलमध्ये सांगणारा आकडा. दर ३ डेसिबलच्या फरकाला दुप्पट शक्ती लागते, त्यामुळे ९२ डेसिबलचा साधा स्पीकर ८७ डेसिबलच्या भपकेबाज स्पीकरपेक्षा त्याच हेड युनिटवर मोठा आणि स्वच्छ वाजतो. दोन-तीन हजारांत मिळणारी कोॲक्सियल (मोठ्या शंकूच्या मधोमध छोटा ट्वीटर असलेली) जोडी यासाठी पुरेशी आहे. मूळ कनेक्टर कापू नये. आपल्या गाडीचा तयार जोड-कनेक्टर वापरावा, म्हणजे गाडी विकताना जुने स्पीकर परत लावता येतात. नव्या स्पीकरखाली आधाराचे गोल कडे लागले तर एमडीएफचे (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचे) बनवू नये, ते दारातल्या ओलीने फुगते; स्वयंपाकघरातल्या भाजी कापायच्या जाड प्लॅस्टिकच्या पाटाचे जिगसॉने कापलेले कडे वर्षानुवर्षे टिकते.

तारांची धन-ऋण दिशा चुकणे ही इथली नेहमीची चूक, आणि ती मीही केली आहे. एका बाजूच्या तारा उलट लागल्या होत्या, नव्या स्पीकरचा बेस जुन्यापेक्षाही कमी वाटत होता आणि मी दोन दिवस दुकानदाराला दोष देत होतो. डाव्या-उजव्या बाजूत आवाज वाटणारा बॅलन्स पूर्ण एका बाजूला नेल्यावर बेस अचानक भरला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. शंका असेल तर स्पीकर गाडीच्या वायरींपासून पूर्ण सुटा करून त्याच्या टर्मिनलला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा; सेलची धन बाजू धन टर्मिनलला असताना शंकू बाहेरच्या दिशेने उडी घेतो. स्पीकरची ऋण तार मात्र गाडीच्या बॉडीला कधीही जोडू नये. आजच्या हेड युनिटमध्ये दोन्ही तारांवर व्होल्टेज असते, आणि असा जोड दिला की आतला ॲम्प्लिफायर जळतो.

मागच्या लहान स्पीकरांवर खोल बेसचा भार पडून ते फाटल्यासारखे वाजत असतील आणि मेनूमध्ये हायपास फिल्टर (खोल स्वर अडवून वरचेच पुढे सोडणारी सोय) नसेल तर प्रत्येकाच्या धन तारेत ३३० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा बायपोलर कपॅसिटर घालावा. ४ ओहमच्या स्पीकरसाठी तो सुमारे १२० हर्ट्झखालचा आवाज हळूहळू कमी करतो आणि मधला स्वर मोकळा होतो. पुण्यातल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तो मागताना ‘बायपोलर’ हा शब्द आवर्जून सांगावा, कारण साधा ध्रुवीय कपॅसिटर इथे चालत नाही. हेड युनिटमध्ये फिल्टर असेल तर तोच ८० हर्ट्झवर लावावा. कपॅसिटरच्या वाटेला जाऊ नये.

पॉलिथिनचा कागद पुन्हा लावून पॅनेल बसवण्यापूर्वी एक काम राहते, आणि मी ते पहिल्यांदा विसरलो होतो. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बोटभर लांबीच्या फटी असतात. माझ्या शीटचा एक तुकडा त्यातल्या एका फटीवर बसला होता. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दार उघडले की आत चुळुकचुळुक आवाज येऊ लागला, आणि पॅनेल पुन्हा काढले तेव्हा स्पीकरच्या खाली चार बोटे पाणी साचलेले होते. म्हणून आता काच वर करून तिच्यावर बाहेरून तांब्याभर पाणी ओततो आणि दाराखाली गुडघ्यावर बसून ते सगळ्या फटींतून टपकताना दिसले, की मगच क्लिपा दाबतो.