शिकागोच्या विमानात बसण्याआधी थैलीत काय भरायचं

पॉवर बँक उलटी करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. सामान भरायला इथूनच सुरुवात करायची. चष्मा लावूनही दिसत नसेल तर मोबाइलनं फोटो काढा आणि बोटांनी मोठा करून पाहा. मी कोराडीच्या वीज केंद्रात एकतीस वर्षं काढली. तिथे कुठल्याही मशीनला हात लावायच्या आधी तिची नेमप्लेट वाचायची, असं पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. ही सवय प्रवासात फार कामी येते.

लेक शिकागोजवळ राहते. आम्ही दोघं चारदा जाऊन आलो. नागपूरहून मुंबई, मग युरोपात विमान बदलायचं आणि पुढे अटलांटिक ओलांडायचा. प्रतापनगरच्या घराला कुलूप लावल्यापासून लेकीच्या दारात बूट काढेपर्यंत तीस तास सहज जातात. फुटाळा तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्यांत निम्म्यांची पोरं बाहेरदेशी आहेत. कोणाच्या सुनेचं बाळंतपण निघालं की मला विचारतात, "भाऊ, मशिनी काय काय न्यायच्या?" प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगितलं, आता सगळं एकदा लिहूनच काढतो.

तर पॉवर बँक. तिच्यावर दोन आकडे असतात. एक एमएएचचा, म्हणजे मिलिअँपिअर-अवरचा, तो ठळक छापलेला असतो आणि दुकानदार तोच सांगतो. दुसरा वॉट-अवरचा, म्हणजे आत एकूण किती वीज मावते त्याचा, तो कोपऱ्यात असतो, पण विमानवाले तोच पाहतात. तो दिसला नाही तर गणित सोपं आहे: एमएएचला ३.७ नं (सेलच्या व्होल्टेजनं) गुणा आणि १००० नं भागा. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-अवर. १०० पर्यंत बिनधास्त नेता येते. १०० ते १६० च्या मधली असेल तर एअरलाइनची आधी परवानगी लागते, आणि १६० च्या वर नाहीच. नागपुरात बर्डीवर मोदी नंबर तीनच्या गल्लीत तुम्हाला कोणी ३०,००० ची भली मोठी दाखवेल. ती १११ वॉट-अवर भरते, घेऊ नका. आकडे पुसलेली, फुगलेली किंवा खूप जुनी असेल तर घरीच ठेवा. लेबल वाचता आलं नाही तर सिक्युरिटीवाले काढून घेऊ शकतात.

२०,००० ची पॉवर बँक ५,००० एमएएचचा फोन चार वेळा भरेल असं वाटतं. व्होल्टेज चढवण्यात आणि उष्णतेत वीज जाते, त्यामुळे तीन वेळा धरून चाला.

आणि ती जवळच्या बॅगेतच ठेवायची, चेक-इनच्या बॅगेत कधीही नाही. आमच्या पहिल्या प्रवासात मी ती मोठ्या बॅगेत, साड्यांच्या घडीत नीट गुंडाळून ठेवली होती. बॅग पट्ट्यावरून आत गेली आणि थोड्या वेळानं आमचं नाव पुकारलं. सगळ्यांसमोर बॅग उघडून घडी घडी उलगडावी लागली. सौ. चा चेहरा मला अजून आठवतो. चूक माझीच होती. लिथियमच्या सेलमध्ये आतल्या आत शॉर्ट झालं की तो स्वतःच तापत जातो, शेजारच्या सेलला तापवतो, आणि मग थांबत नाही. हे सामानाच्या कक्षात झालं तर तिथे कोणाचा हात पोहोचत नाही. केबिनमध्ये झालं तर निदान माणसं पाहतात, पाणी ओततात.

२८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर उभ्या विमानाला आग लागली, ती डोक्यावरच्या कप्प्यातून सुरू झाली. आतली सगळी, १७६ माणसं जिवंत बाहेर पडली. पॉवर बँकेच्या आतलं इन्सुलेशन फाटलं असावं, असं तपासात पुढे आलं. इन्सुलेशन गेलं की काय होतं हे मी कोराडीत डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून ही बातमी मी तीनदा वाचली. त्यानंतर नियम कडक होत गेले. सिंगापूर एअरलाइन्सनं १ एप्रिल २०२५ पासून आणि एमिरेट्सनं १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायलाच मनाई केली आहे. सोबत ठेवता येते, वापरता येत नाही. तुमच्या एअरलाइनचा नियम तिकीट काढल्यावर एकदा आणि निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा वाचा. पॉवर बँक वरच्या कप्प्यात टाकू नका, समोरच्या खिशात किंवा सीटखालच्या बॅगेत ठेवा. विमान बदलायला मधे चार-पाच तास मिळतात, तिचा खरा उपयोग तिथे.

आपल्या नागपूरसाठी एक वेगळं सांगतो. मे महिन्यात पंचेचाळीसचा पारा असताना विमानतळावर निघायच्या आधी थैली गाडीत ठेवून कोणी देवदर्शनाला जातं. उन्हात उभ्या गाडीचं आत काय होतं ते आपल्याला माहीत आहे. लिथियमला ती उष्णता सोसत नाही. थैली सोबत घेऊन उतरा.

आता हेडफोन. यावर पैसे खर्च करा, बाकी कशावर नाही केले तरी चालेल. आमच्या टर्बाइन हॉलमध्ये मशीन मिनिटाला ३००० फेरे घ्यायची. तो आवाज कानापेक्षा छातीत बसतो. ड्युटी संपवून घरी आलं तरी डोक्यात घूं घूं सुरूच राहायचं, आणि थकवा कशाचा आलाय तेच कळायचं नाही. विमानाचा आवाज त्याच जातीचा आहे: जाड, एकसुरी, न थांबणारा. नॉइज कॅन्सलिंग हेडफोनमध्ये बाहेर छोटा माइक असतो. तो बाहेरची लहर ऐकतो, आतलं सर्किट तिच्या बरोबर उलटी लहर तयार करतं आणि दोन्ही एकमेकींना खातात. लहर संथ आणि सारखी असेल तर हे फार छान जमतं, म्हणून इंजिनाचा आवाज जातो. बाळाचं रडणं, शेजाऱ्याचं बोलणं पूर्ण जात नाही, कारण ते क्षणाक्षणाला बदलतं. दुकानात घेऊन पाहायचे असतील तर एसीच्या किंवा कूलरच्या शेजारी उभं राहून बटण दाबा. कूलरचा आवाज खाली गेला तर घ्या.

पहिल्यांदा मी ते घालून बटण दाबलं, तेव्हा सौ. ला वाटलं मला बरं वाटत नाहीये, इतका मी गप्प बसलो होतो. खरं तर इतकी शांतता मला किती वर्षांनी मिळाली होती.

विकत घेताना एक पाहा: त्याला वायर जोडता येते का. बऱ्याच विमानांत समोरच्या स्क्रीनला ब्लूटूथ नसतं, ३.५ मिलिमीटरचं भोक असतं. जुन्या विमानांत सीटच्या हातात दोन भोकं असतात, त्यासाठी दोन पिनांचा छोटा जोड मिळतो. वायर न्यायची नसेल तर ब्लूटूथ ट्रान्समीटर घ्या. काडेपेटीएवढा असतो, स्क्रीनच्या भोकात खोचायचा आणि हेडफोन त्याला जोडायचा. कानाचं मशीन लावणाऱ्यांनी त्याचा चार्जिंगचा डबा आणि सुटे सेल जवळच्या बॅगेत ठेवावेत. हा डबा मोठ्या बॅगेत गेला आणि बॅग मागे राहिली तर पहिले दोन दिवस नातवाचं बोलणं ऐकू येणार नाही.

पिनांचं आता. आपल्या मोबाइल चार्जरच्या दोन बारीक गोल पिना युरोपातल्या बहुतेक सॉकेटमध्ये थेट बसतात. अमेरिकेत दोन चपट्या पिना लागतात, इंग्लंडमध्ये तीन चौकोनी. एक चांगला युनिव्हर्सल ॲडॉप्टर घेतला की झालं. पण लक्षात ठेवा, ॲडॉप्टर फक्त पिना बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. चार्जरवर "१००-२४०" असा आकडा दिसला तर तो दोन्हीकडे चालतो. मोबाइल-लॅपटॉपचे जवळपास सगळे चार्जर असेच असतात.

मिक्सर आणि किटली तशी नसते. सौ. नं दुसऱ्या खेपेला आपली विजेची किटली काढून ठेवली होती. "अहो, लहानशी तर आहे, काऊन नाही म्हणून राहिले?" मी तिला कागदावर करून दाखवलं. व्होल्टेज अर्धं झालं की तापवण्याची ताकद अर्धी होत नाही, पावपट होते. १५०० वॉटची किटली तिथे जेमतेम ४०० वॉट देईल, चहा होईस्तोवर पाहुणे निघून जातील. उलट तिकडची किटली इथे आणून लावली तर जळेल. किटली राहिली, त्या जागी संत्रा बर्फीचे दोन डबे गेले.

सीटजवळच्या सॉकेटवर फार भरवसा ठेवू नका. विमानात साधारण ११० व्होल्ट असतात आणि ताकद मर्यादित असते. यूएसबीचं भोक तर अगदी हळू भरतं. फोनवर सिनेमा सुरू असेल तर येते त्यापेक्षा जास्त वीज जाते. माझं असंच झालं. शिकागोला उतरलो तेव्हा फोन बंद पडला होता, आणि लेकीचा पत्ता त्याच फोनमध्ये. इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहून घाम फुटला. पत्ता विचारला तेव्हा सौ. नं पर्समधून चिठ्ठी काढली. तिनं निघताना लिहून घेतली होती. तेव्हापासून पत्ता आणि फोन नंबर कागदावर, दोघांच्या खिशात वेगवेगळा.

सिमचं काम नागपुरातच उरका. फोन ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच उतरवायचं सिम, घेत असेल तर घरच्या वायफायवर ते टाकून ठेवा, तिकडे उतरल्यावर सुरू करायचं. आपलं भारतातलं सिम काढू नका, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. निघायच्या आधी त्याचं रोमिंग सुरू करून घ्या. त्याचा डेटा मात्र बंद ठेवा.

सामान तोलायचा हुकचा काटा चारशे-पाचशेला मिळतो, घ्याच. २३ किलोची बॅग २४ भरली तर काउंटरवर मसाल्याच्या पुड्या काढत बसावं लागतं. मोठ्या बॅगेत एअरटॅगसारखा, बॅग कुठे आहे ते फोनवर दाखवणारा ट्रॅकर टाका. त्याचा सेल नाण्याएवढा असतो, तो बॅगेत चालतो.

आणि आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो ते. निघायच्या आधी एक रात्र घरात विमान करायचं. आम्ही प्रत्येक खेपेला करतो. जेवण झालं की हॉलमधले दिवे बंद, वायफाय बंद, फोन एअरप्लेन मोडवर. दोघांनी खुर्चीत बसायचं, थैली पायाशी. उठायचं नाही, दिवा लावायचा नाही. मग एअरप्लेन मोडमध्ये ब्लूटूथ वेगळं सुरू करून हेडफोन जोडायचा. वायर लावून पाहायची. डाऊनलोड केलेले अभंग आणि सिनेमे खरंच वाजतात का ते पाहायचं. ट्रान्सलेटमध्ये मराठी ऑफलाइन उतरलंय का, नकाशात शिकागो उतरलंय का, तेही तेव्हाच कळतं. पहिल्या सरावात आमचे सहापैकी चार सिनेमे उघडलेच नाहीत, कारण ॲपला इंटरनेट हवं होतं. घरी कळलं म्हणून वायफाय सुरू करून पुन्हा उतरवले. विमानात कळलं असतं तर नऊ तास समोरच्या सीटची पाठ पाहिली असती.

या सरावातूनच सौ. नं थैली शिवली. जुन्या खणाच्या कापडाची, तीन खिशांची. वायरी गुंतायच्या आणि अंधारात कुठली कोणाची ते समजायचं नाही. तिनं प्रत्येक वायरीला सुती दोरा बांधला: फोनच्या वायरीला एक गाठ, हेडफोनच्या वायरीला दोन, लॅपटॉपच्या वायरीला तीन. डोळे मिटून बोटानं कळतं. पॉवर बँक वेगळ्या खिशात, तिच्या तोंडाला रबराचं टोपण, म्हणजे किल्ली किंवा नाणं लागून शॉर्ट व्हायला नको. सिक्युरिटीत ही थैली अख्खी बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवायची. बॅग उपसावी लागत नाही.

शेवटच्या खेपेला अटलांटिकवर, सगळे झोपलेले असताना, तिचा फोन मांडीवरून घसरून सीटच्या फटीत गेला. माझा हात सीटच्या बटणाकडे गेलाच होता. तिनं मनगट धरलं. "सीट हलवू नका, आत दबला तर पेटेल." हे मीच तिला सरावाच्या रात्री सांगितलं होतं. तिनं बेल वाजवली. एअर होस्टेस टॉर्च घेऊन आली, गुडघ्यावर बसली आणि दोन बोटांनी फोन अलगद ओढून काढला. त्याचा कोपरासुद्धा दबला नव्हता.