पिक्चरची गोष्ट कुठं चढते, कुठं पडते हे मशिनकडून कसं काढायचं

पिक्चरमधल्या डायलॉगांचा मूड मशिनकडून मोजून घ्यायचा आणि त्याची रेघ ग्राफवर काढायची, एवढंच काम. भारी लॅपटॉप लागत नाही, गुगल कोलॅबवर (इथं आपला कोड गुगलच्या कॉम्प्युटरवर चालतो) फुकटात मिळतं तेवढं जीपीयू, म्हणजे असली मॉडेलं जोरात चालवणारी चिप, पुरतं. पिक्चर मात्र असा घ्या जो तुम्ही दोन-तीनदा बघितलाय, नाहीतर मशिननं काढलेली रेघ बरोबर का चूक ते कळणार कसं.

आधी डायलॉग पाहिजेत, आणि कोणता डायलॉग कितव्या सेकंदाला आला तेबी. मराठी सबटायटलची फाईल सापडली तर बरंच, पण सहसा इंग्रजीच मिळते आणि त्यात टोमणे, शिव्या सगळं धुवून निघालेलं असतं, म्हणून सरळ आवाजावरूनच मजकूर काढा. व्हिस्पर म्हणून ओपनएआयचं आवाज ऐकून मजकूर लिहिणारं मॉडेल आहे, त्यातलं लार्ज घ्या, लहानांना मराठी जमत नाही. लातूर-नांदेडकडचं बोलणं असलं की लार्जपण अडखळतं, 'कुठं जायलास'चं भलतंच काहीतरी लिहून ठेवू शकतं. शिवाय गाणं नाहीतर नुसतं म्युझिक चालू असलं की व्हिस्पर मनानंच वाक्यं घालतं, कधीकधी एकच ओळ परत परत. ते सगळं हातानं काढायचं, लै कंटाळवाणं काम आहे पण इथं आळस केला की पुढचं वाया.

आता प्रत्येक डायलॉगला मार्क द्यायचे, पॉझिटिव्हला 1, निगेटिव्हला उणे 1, न्यूट्रलला 0. हे मार्क मॉडेलच देतं. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या मराठी भाषेच्या मॉडेलांवर काम करणाऱ्या गटाचा महासेंट-एमडी डेटासेट आहे, साधारण 60,000 मराठी नमुने माणसांनी वाचून लेबल केलेले, त्यात ट्विटांसोबत सिनेमाचे रिव्ह्यू आणि टीव्ही शोची सबटायटलंपण आहेत, त्यामुळं त्यावर शिकवलेलं मॉडेल आपल्या कामाला जवळचं. पण डोळे झाकून विश्वास नको. 'लै शाना झालास का' यात मॉडेलला शाना दिसतो, दम दिलाय हे दिसत नाही, आणि आजी लाडानं 'मुडद्या, जेवलास का' म्हणली तर निगेटिव्ह! म्हणून दीडदोनशे डायलॉग आधी स्वतः मार्क करा आणि ताडून बघा, फारच चुकत असेल तर आपले मार्क केलेले डायलॉग देऊन मॉडेल फाईन-ट्यून करायचं, म्हणजे त्याला थोडं अजून शिकवायचं.

ग्राफ काढताना खाली डायलॉगचा नंबर टाकू नका, मिनिटं टाका. नंबर टाकले की शांतता गायब होते, आणि आपल्या पिक्चरमधे खरा मार तिथंच असतो. 2016 च्या 'सैराट'चा शेवट घ्या, आवाजच बंद, मॉडेलला तिथं वाचायला शब्दच नाही. मिनिटांवर काढलं तर तिथं भोक दिसतं, ते भोक तसंच राहू द्या, भरू नका. बाकी पाच-पाच मिनिटांची सरकती सरासरी घेतली की रेघ वाचता येते. त्याच ग्राफवर पायसीनडिटेक्टनं (व्हिडिओत शॉट कुठं बदलतो ते शोधणारं फुकट टूल) काढलेले कट टाका, कुठं शॉट तुकड्यातुकड्यांत पळतात आणि कुठं कॅमेरा थांबतो ते कळतं. डायलॉगची रेघ सपाट आणि कट मात्र दाट, असं जिथं दिसेल तो सीन परत लावून बघाच.

गोष्टींच्या अशा रेघा बहुतेक सहाच आकारांत बसतात असं सांगणारा, गोष्टीचे सहा आकार म्हणून एक अभ्यास नेटवर फिरत असतो, 2016 चा, अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठाचा. तो 1,327 पुस्तकांवर केलेला आहे, तीही इंग्रजी, म्हणून तो पिक्चरला जसाच्या तसा लावू नका. आपल्या पिक्चरला इंटरव्हल असतं आणि इंटरव्हलच्या आधी गोष्ट मुद्दाम चढवलेली असते, त्यामुळं दोन्ही हाफची रेघ वेगवेगळी काढा आणि मगच आकार शोधत बसा.