जेवण झाल्यावर घरच्यांसोबत एक चक्कर

रात्री जेवण झालं की मोबाईल घरीच ठेवा आणि घरातल्या कोणाला तरी घेऊन आसपास एक चक्कर मारा, पण स्पीड लहान मुलाचा किंवा आजीचा, तुमचा नाही. पोरगं मध्येच उकिडवं बसून मुंग्यांची रांग बघायला लागलं तर ‘चल लवकर’ करू नका, तुम्हीपण वाका अन् बघा. अभ्यास, पैसे हे विषय बंद (हे जमायला वेळ लागतो हां).

२००३ मध्ये एमन्स आणि मॅककलो या मानसशास्त्रज्ञांच्या अभ्यासात चांगल्या गोष्टी लिहून ठेवणाऱ्यांना आयुष्याबद्दल जास्त बरं वाटलं होतं, म्हणून परत येताना प्रत्येकाने आजची एक छान गोष्ट सांगायची, अगदी फुटकळ चालेल. कोणाचा दिवस खरंच वाईट गेला असेल तर उगाच पॉझिटिव्ह बोलायची जबरदस्ती नको. पाऊस असेल तर जिन्यातच फेऱ्या मारा.