लग्न आणि हनिमून : ऐनवेळी काही बिघडलं तर

लग्नाच्या दिवशी घडणाऱ्या बहुतेक गोष्टी पाच-दहा मिनिटांत निस्तरता येतात. पण नवरा-नवरी आणि दोघांचे आईवडील तेव्हा विधींत किंवा पाहुण्यांत अडकलेले असतात, आणि बाकीचे सगळे त्यांनाच विचारायला धावतात. म्हणून या सहा जणांना सोडून एक शांत डोक्याचा माणूस आधीच नेमा. हॉल, गाडी, फोटोग्राफर, जेवण या सगळ्यांचे नंबर, थोडी रोकड आणि कपाटाच्या किल्ल्या त्याच्याकडे द्या. त्या दिवशी कुणाचाही फोन नवरा-नवरीला जाऊ नये.

त्याच माणसाकडे एक छोटी पिशवी असावी. तीन आकारांच्या सेफ्टी पिना, दोन ओवलेल्या सुया (एक पांढऱ्या दोऱ्याची, एक गडद), कात्री, टाल्कम पावडर, पांढऱ्या सुती कापडाचे तुकडे, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणि पायाच्या फोडांसाठी पट्ट्या. सुया आधीच ओवून ठेवा. घाईत, थरथरत्या हाताने दोरा ओवला जात नाही.

कपड्यावर डाग पडला की पहिली चूक होते ती घासण्याची. घासल्याने डाग धाग्यात खोल जातो आणि पसरतो. कोरडं पांढरं कापड दाबून टिपा, बाहेरून आत या. तेलकट डागावर पाणी लावू नका; टाल्कम पावडर जाडसर पसरा, पंधरा-वीस मिनिटं राहू द्या, मग झटका. डाग राहिला तर पुन्हा तेच करा. रक्ताला फक्त गार पाणी. गरम पाण्याने रक्तातलं प्रथिन गोठतं आणि डाग पक्का बसतो. रेशमी कापडावर नुसत्या पाण्याचाही ओघळ उमटतो, त्यामुळे आधी आतल्या शिवणीवर एक थेंब टाकून बघा. आणि डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री फिरवू नका.

अंगठीचा प्रश्न मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे. उन्हाळा, खारट खाणं, बराच वेळ उभं राहणं, विमानप्रवास, यांपैकी कशानेही बोटं सुजतात. सकाळच्या थंडाव्यात घेतलेलं माप संध्याकाळी घट्ट होतं, म्हणून माप दिवस कलल्यावर आणि हात गरम असताना घ्या. अंगठी अडकलीच तर ओढू नका, ओढल्याने सूज वाढते. हात छातीच्या वर पाच-दहा मिनिटं धरा, मग गार पाण्यात बुडवा, साबण किंवा तेल लावून गोल फिरवत काढा.

तरीही निघाली नाही तर दोरा वापरा. दात साफ करायचा फ्लॉस उत्तम, नसेल तर बारीक गुळगुळीत दोरा. एक टोक अंगठीखालून तळहाताकडे काढून ठेवा. बोथट सुई किंवा काडी उपयोगी पडते. उरलेला दोरा अंगठीला लागूनच बोटावर घट्ट, एकाशेजारी एक वेढे देत मधल्या सांध्याच्या पुढपर्यंत गुंडाळा. वेढ्यांमध्ये फट राहिली तर तिथेच मांस फुगतं आणि अंगठी अडते. आता तळहाताकडचं टोक बोटाच्या पुढच्या दिशेने सोडवत जा. वेढे उलगडतात तशी अंगठी पुढे सरकते. हे दोन-तीन मिनिटांत उरका. बोट निळसर पडलं किंवा बधिर झालं तर दोरा लगेच काढा आणि अंगठी कापून घ्या. सोनं कापून पुन्हा जोडता येतं. टंगस्टन कार्बाइड कापत नाही, ते पकडीने दाबून तडकवावं लागतं, हे विकत घेतानाच लक्षात असू द्या.

उभं राहून चक्कर येणं हेही नेहमीचं. गुडघे ताठ ठेवून, उपाशीपोटी, उकाड्यात उभं राहिलं की रक्त पायांत साचतं. गुडघे किंचित वाकवत राहा, वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्या. कुणी कोसळलं तर खुर्चीवर बसतं करू नका. आडवं झोपवा, पाय फूटभर उंच करा. मिनिटभरात शुद्ध आली नाही, छातीत दुखलं किंवा डोक्याला मार लागला तर रुग्णवाहिका बोलवा.

आता प्रवास. हनिमून बऱ्याचदा विमानतळावरच अडकतो, आणि कारण असतं नाव. तिकीट, व्हिसा आणि पासपोर्ट यांवरचं नाव एकच हवं. लग्नानंतर आडनाव बदलायचं असेल तर परत आल्यावर बदला. तिकीट सध्याच्या पासपोर्टवरच्या नावानेच काढा. भावी आडनावाने कौतुकाने काढलेलं तिकीट चेक-इनला थांबवू शकतं. पासपोर्टची मुदतही बघा, बरेच देश पोहोचल्यापासून सहा महिने शिल्लक मागतात. आणखी एक : रिसेप्शन लांबून पहिलं विमान चुकणार असं दिसलं तर ते सुटायच्या आधीच कंपनीला कळवा. एक टप्पा न सांगता सोडला की पुढची सगळी तिकिटं, परतीचंसुद्धा, रद्द होऊ शकतात.

दोन बॅगा असतील तर कपडे अर्धे-अर्धे मिसळून भरा. एक बॅग हरवली तरी दोघांचंही निभतं. दागिने, औषधं, कागदपत्रं आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी सामानाच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. मॉन्ट्रियल करार (विमान कंपन्यांची भरपाईची जबाबदारी ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार) लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅग फाटली-तुटली तर मिळाल्यापासून 7 दिवसांत, उशिरा आली तर 21 दिवसांत लेखी दावा करावा लागतो. मधल्या काळातल्या गरजेच्या खरेदीच्या पावत्या जपून ठेवा, त्याशिवाय पैसे मिळत नाहीत.

पोट बिघडलं तर आधी पाणी भरून काढायचं. ओआरएसची पुडी त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच घाला. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दोन्हीसाठी पाच मिलीचा चहाचा चमचा. मीठ जास्त पडलं तर उलट नुकसान होतं. शौचातून रक्त, चढता ताप किंवा सहा-आठ तास लघवी नाही, यांपैकी काहीही दिसलं तर डॉक्टर गाठा.

संकोचामुळे लपवल्या जाणाऱ्या तक्रारी सगळ्यात जास्त त्रास देतात. संबंध नव्याने सुरू झाल्यावर स्त्रियांना लघवीच्या जागी जळजळ, वारंवार लागणं हे बऱ्याचदा होतं. तो बहुतेकदा मूत्रमार्गाचा संसर्ग असतो. संबंधानंतर लघवीला जाणं आणि भरपूर पाणी पिणं यांनी तो टाळायला मदत होते. थंडी-ताप किंवा पाठीत दुखणं सुरू झालं तर संसर्ग मूत्रपिंडाकडे चाललेला असू शकतो, त्याच दिवशी औषध घ्या. पाळी पुढे ढकलायची गोळी नॉरेथिस्टेरॉनची असते आणि ती अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करावी लागते, तेव्हा डॉक्टरांकडे काही आठवडे आधीच जा. रक्ताच्या गुठळीचा इतिहास असेल तर ते आवर्जून सांगा. गर्भनिरोधक गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर लगेच दुसरी घ्या. कंडोम फाटला तर गर्भधारणा टाळायला लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळी 72 तासांच्या आत, पण जितकी लवकर तितकी खात्रीची. म्हणून ती घरून निघतानाच औषधांच्या डब्यात टाका.